नाशिकची हडळ सुपरहिरो करायची आहे, खलनायिका म्हणून चेटकीण चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी चोवीस पानांचं विडंबन-कॉमिक करते आहे. नायिका हडळ आहे, सुपरहिरोच्या थाटातली. खलनायिका गावात करणी करणारी चेटकीण. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लोककथा किती बदलायची? जादूटोणा कायद्याची अडचण येईल का? मराठी संवाद फुग्यात मावत नाहीत, त्याचं काय करायचं?

तुमची सहा पानं दोनदा वाचली. हडळ झकास उतरली आहे. रविवार कारंज्यापाशी रात्री दीडला ती उभी आहे आणि सहाही पानांत तिची पाठ एकदाही दिसत नाही. हे मुद्दाम केलं असेल तर शाबास. हडळ पुढून भरलेली आणि मागून पोकळ, असं आपल्याकडे सांगतात. ही पाठ किमान पान दहापर्यंत राखून ठेवा. चेटकीण मात्र काढून टाका. त्याचं कारण लिहिणार आहे, पण आधी हडळीबद्दल, कारण तुमच्या कॉमिकचा जीव तिच्यात आहे.

सव्वीस वर्षं चित्रकथा काढतो आहे, दिवाळी अंकांसाठी आणि मुलांच्या मासिकांसाठी. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. विडंबन सुपरहिरोच्या साच्याचं करायचं, लोककथेचं नाही. लोककथेचे नियम अगदी सोवळ्यात पाळायचे. तुम्ही पान तीनवर हडळीला उडवलं आहे. हडळ उडत नाही. ती उडाली की ती हडळ राहिली नाही, साडी नेसलेली कुठलीही परदेशी नायिका झाली. आणि मग हसू कशाचं येणार? तिचे पाय उलटे आहेत, एवढा एक नियम घट्ट धरा आणि तो कुठवर नेतो ते बघा.

हे मी एकदा कागदावर मांडून पाहिलं होतं. पायाची बोटं मागे, टाच पुढे. ती घरून निघून चोरापर्यंत चालत गेली, तर चिखलातले ठसे चोराकडून तिच्या घराकडे गेल्यासारखे दिसतात. हवालदार घटनास्थळी येतो, बॅटरी मारतो, ‘इकडून पळाली’ म्हणून ठशांच्या मागे लागतो आणि थेट तिच्या दारात येऊन थांबतो. म्हणजे पाठलाग करणारा दर वेळी फसतो, आणि दर वेळी तिचं गुपित उघडं पडायची वेळ येते. एकाच नियमातून तिची ताकदही निघाली आणि तिचं संकटही. सुपरहिरोची गुप्त ओळख, त्याचा लपलेला अड्डा, त्याची एकमेव दुर्बलता हे सगळं विडंबन आपोआप झालं. तुम्हाला काही जोडावं लागलं नाही.

दुसरं उदाहरण लिंबाचं. ही गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असणार. नवरा जेवायला बसलाय, लिंबू मागतो. बायको जागची हलत नाही. हात लांब होत होत खिडकीतून बाहेर जातो, परसातल्या झाडावरचं लिंबू तोडतो आणि परत येतो. तेव्हा नवऱ्याला कळतं, आपण कुणाशी लग्न केलंय. लवचीक हातपायांचे सुपरहिरो जगभर झाले, पण त्यातल्या कुणाला हात लांब करून नवऱ्याच्या पानात लिंबू वाढावं लागलं नाही. हे पूर्ण पानभर करा, सहा चौकटींत. पहिल्या चौकटीत फक्त ताट आणि ‘लिंबू आहे का गं?’ पुढच्या चार चौकटींत चेहरे दाखवूच नका, नुसता हात: बांगड्या, मनगट, खिडकीचा गज, शेजारणीच्या दोरीवरचे कपडे. शेवटच्या चौकटीत ताटातली लिंबाची फोड आणि हवेत थांबलेला नवऱ्याचा घास. लोककथेत नवरा इथे पळतो. तुमच्या कॉमिकमध्ये त्याने म्हणावं, ‘मीठ?’

हडळीची मूळकथा मात्र हसण्यावारी नेऊ नका. सुपरहिरोला कोळी चावतो, प्रयोगशाळेत स्फोट होतो. हडळ ही बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेलेली बाई. या एका भुतात किती घरांचं दुःख साठलंय, याचा विचार करा. ती रात्री रस्त्यावर का उभी राहते, याचं उत्तर तुमच्या हातात आहे. मी असतो तर ती कसारा घाटात किंवा पेठ रस्त्यावर अडलेल्या रुग्णवाहिकेला वाट मोकळी करून देते, असं दाखवलं असतं. तेवढ्या दोन पानांत एकही विनोद नसला तरी चालतं. पुढचे विनोद त्यामुळे जास्त लागतात.

आता बाकीची मंडळी. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात मुंजा, समंध, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, देवचार, जखीण, लावसट अशी किती तरी नावं आहेत. एका संध्याकाळी तो कोश घेऊन बसा. पण सगळ्यांना एका पानात कोंबू नका आणि प्रत्येकाचा मुलूख सांभाळा. देवचार कोकणातला, भानामती मराठवाड्याकडची. त्यांना पंचवटीत आणलंत तर का आणलंत ते सांगावं लागेल. मुंजा मात्र तुमच्या हक्काचा. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आधी गेला, पिंपळावर राहतो. भुताचा आणि सुपरहिरोचा मोठा फरक इथे दिसतो: सुपरहिरो शहरभर फिरतो, भूत जागा सोडत नाही. मुंजाला गुन्हेगार पकडायचा असेल तर गुन्हा पिंपळाखालीच घडायला हवा. मग तो बिचारा वर्षभर वाट बघतो, खाली फक्त भेळेची गाडी लागते आणि पत्त्यांचा डाव रंगतो. आणि एक दिवस रस्तारुंदीसाठी झाडावर चुन्याने आकडा पडतो. त्या चौकटीला हसूही येतं आणि पोटातही तुटतं.

चकव्यासाठी तुम्ही जंगल निवडलंय. जंगल सोडा. चकवा माणसाला त्याच त्या जागी फिरवून आणतो. त्याला द्वारका चौकातल्या वाहतुकीच्या कोंडीत आणा, संध्याकाळी सातला. पोलिसांच्या तावडीतून सुटलेला चोर मोटारसायकलवरून चार फेऱ्या मारतो आणि शेवटी स्वतःच हात वर करतो. नाशिककराला एक शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

वेताळाचं एक वेगळंच आहे. १९६४ला सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत ली फॉकचा फँटम ‘वेताळ’ या नावाने आला. माझ्या वयाच्या लोकांना वेताळ म्हटलं की आजही घट्ट कपडे आणि मुखवटा आठवतो, आणि गावच्या वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला दगड दुसऱ्यांदा आठवतो. आपल्या भुताचं नाव परदेशी नायकाला दिलं गेलं, तर तुमच्या कॉमिकमधल्या म्हाताऱ्या वेताळाने आपलं नाव परत मागायला यावं, इतकी ही गोष्ट तयार आहे. विनोद नाव उसनं घेणाऱ्यावर करा, वेताळावर नको, त्याच्यापुढे लोक हात जोडतात. आणि त्या परदेशी नायकाचा पोशाख, त्याची कवटीची अंगठी, त्याची चिन्हं जशीच्या तशी उचलू नका. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. त्यात टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची सवलत आहे, पण विडंबन हा शब्द त्यात नाही. स्वतःचं पात्र काढलंत की हा प्रश्नच उरत नाही.

मुखवट्यासाठी पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातला बोहाडा, म्हणजे मुखवटे चढवलेल्या सोंगांचा उत्सव, बघा. चित्रं बघून भागणार नाही, रात्रभर बसा. संबळाच्या तालावर एकेक सोंग येतं: गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मुखवटा इतका जड आणि डोळ्याची भोकं इतकी बारीक होती, की सोंगाला दोन्ही बाजूंनी माणसं धरून चालवत होती. माझ्या शेजारची पोरगी मात्र सोंगाकडे बघतच नव्हती, ती पायांकडे बघून मैत्रिणीला सांगत होती, ‘तो आमचा मामाय.’ अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे, हे सगळ्या गावाला ठाऊक. सुपरहिरोचा मुखवटा ओळख लपवायला असतो. आपल्याकडे मुखवटा चढवला की ‘हा कुणाचा कोण’ हे आणखी ठळक होतं. तुमच्या हडळीच्या गुप्त ओळखीचं विडंबन इथून उचला: सगळ्या गल्लीला माहीत आहे ती कोण, आणि सगळी गल्ली तिच्यासमोर माहीत नसल्याचं नाटक करते, तिला बरं वाटावं म्हणून.

तशीच मदतीची खूण. आकाशात दिवा मारायची गरज नाही. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण काठावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. नारोशंकराची घंटा तर वसईच्या १७३९च्या विजयातली. देऊळ १७४७चं. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर, हे इथलं जुनं माप आहे. हडळीला बोलवायची पायरी पाण्याच्या मापाने ठरवा. कमरेपर्यंत असेल तर पालिका बघेल, घंटेला लागलं तर ती निघेल. मारुती विनोदाचा विषय होत नाही, तो आहे तिथे उभा राहतो. विनोद आपल्या सगळ्यांच्या पुलावर उभं राहून पाणी बघायच्या सवयीवर होतो.

हे नीट समजून घ्या, कारण पान पाचवर तुम्ही साती आसरांना हडळीच्या ‘टीम’मध्ये घेतलंय. आसरांना लोक आजही नदीकाठी, विहिरीवर हिरव्या बांगड्या, खण, नारळ वाहतात. म्हसोबाला शेताच्या बांधावर नैवेद्य जातो. धुळवडीला जुन्या नाशकातून दाजीबा वीर निघतो, बाशिंग बांधून, हळद लागलेल्या नवरदेवासारखा, आणि घराघरांतले वीर गंगेवर न्हायला नेतात. दिसायला हे सगळं कॉमिकमध्ये सुंदर दिसेल, मला मोह कळतो. पण ही कुणाची तरी दैवतं आहेत, कुणाचे तरी पूर्वज आहेत. हडळ, चकवा, खवीस यांची पूजा कुणी भक्तीने मांडत नाही, ती गोष्टीतली माणसं आहेत. माझा नियम साधा आहे. ज्याच्यापुढे आज कुणी हात जोडतो, त्याला मी विनोदात ओढत नाही. मागे दिसू द्या. दाजीबाची मिरवणूक रस्त्यावरून जाते आहे आणि हडळ वाट देऊन बाजूला उभी राहते, ही चौकट मला तुमच्याकडून बघायची आहे.

आता चेटकीण.

पंधरा वर्षांपूर्वी मीही आठ पानांची अशीच कथा केली होती. गावातली म्हातारी, सुटलेले केस, हातात काळी बाहुली, टाचण्या टोचलेली लिंबं. शेवटी पोरं तिला पळवून लावतात. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत चित्रकलेची कार्यशाळा होती, तिथे मुलांना ती पानं दाखवली. मुलं खूप हसली. जेवण झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पानं हातात घेतली. पदराला हात पुसून, एकेक करून, सावकाश बघितली. मग चित्राची बाजू खाली करून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘माझ्या जावेला डाकीण म्हणायचे. तिचे पाय सरळच होते.’ पुढे काही बोलल्या नाहीत. भांडी घासायला गेल्या.

ती पानं मी पुन्हा कुठे छापली नाहीत.

डाकीण हा शब्द आपल्या उत्तर महाराष्ट्रात, सातपुड्यात आणि आदिवासी पट्ट्यात गोष्टीपुरता उरलेला नाही. गावात मूल आजारी पडलं, जनावर आटलं, की भगत, म्हणजे गावचा मांत्रिक, बोट दाखवतो, आणि ते बोट बहुतेक वेळा एकट्या बाईकडे जातं: विधवा, म्हातारी, जिच्या नावावर चार गुंठे आहेत अशी. हडळ कुणाच्या शेजारी राहत नाही. डाकीण म्हटलेली बाई राहते. हडळीवर हसल्याने कुणाच्या दारावर दगड पडत नाहीत. म्हणून तुमच्या खलनायिकेचं चित्र कितीही सुबक असलं तरी ते बोट दाखवणाऱ्याच्या कामाला येईल.

खलनायक बदला, गोष्ट तीच राहू दे. बोट दाखवणारा भगत हाच खलनायक. त्याच्या शक्ती तुम्हाला शोधायलाही नकोत, अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगावी त्या उलगडून दाखवत आले आहेत. सुरीला आधी जास्वंदाचं फूल चोळलेलं असतं, लिंबाच्या आंबट रसाशी गाठ पडली की लाल ‘रक्त’ येतं. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो, पाणी शिंपडलं की पेट घेतो. प्रत्येक शक्तीची एक चौकट भव्य, सुपरखलनायकाच्या थाटात, आणि लगेच पुढची चौकट अगदी साधी: पिशवीतली जास्वंदाची फुलं. हडळ, म्हणजे जी स्वतः ‘खरी’ अमानवी आहे, तिने हा फोलपणा ओळखावा. भुताला खोटं भूत लगेच कळतं. मला हा विनोद तुमच्या पूर्ण कॉमिकचा कणा वाटतो.

तुमच्या नाशिकजवळच्या त्र्यंबकलाच १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. ते चित्रपटांआधी जादूचे प्रयोगही करायचे, आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. जादूगार तिकीट लावून सांगतो, ही हातचलाखी आहे. भगत तेच करतो आणि म्हणतो, ही देवाची करणी आहे. भगताला हरवायला तुमच्या गोष्टीत एखादा गल्लीतला म्हातारा जादूगार आणता आला तर बघा.

कायद्याचं थोडक्यात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचं दूध आटवते असं जाहीर करून तिचं जगणं कठीण करणं, हे त्यातलंच एक. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गोष्टीत भूत असण्याला हा कायदा आड येत नाही. फसवणूक, शोषण, इजा आणि अशा प्रथांचा प्रचार यांच्यावर त्याचा रोख आहे. तुमचा भगत खलनायक झाला की तुमचं कॉमिक या कायद्याच्या बाजूनेच उभं राहतं. अनुसूची मराठीत आहे, दोन पानांत वाचून होते, वाचाच. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम वेगळं, भारतीय न्याय संहितेतलं २९९. ते हेतुपुरस्सर, द्वेषाने केलेल्या कृतीबद्दल आहे. दैवतांबद्दल वर लिहिलेला नियम पाळलात तर त्याची धास्ती घेऊ नका.

जाहिरातींकडे मात्र लक्ष ठेवा. एका दिवाळी अंकात माझ्या कथेसमोरच्या पानावर ‘वशीकरण, चोवीस तासांत गुण’ अशी जाहिरात लागली होती. अंक हातात पडेपर्यंत मला कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून समोरच्या पानावर काय येणार हे विचारल्याशिवाय मी पान देत नाही. तुम्ही स्वतः छापणार असाल तर मागच्या कव्हरसाठी असा गिऱ्हाईक येईल, पैसेही चांगले देईल. नाही म्हणा.

संवादांचं दुखणं फुग्याच्या आकारात नाही, क्रमात आहे. तुम्ही चित्र आधी काढता आणि उरलेल्या जागेत मजकूर बसवता. मराठीत मजकूर आधी. अक्षर लिहा, त्याभोवती फुगा काढा, मग चौकट. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींत जागा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या रफारात घुसतो. तुमच्या पान दोनवर ‘पूर्वी’ आणि ‘सर्व’ असे अडकलेत. हाताने लिहिणं उत्तम. फाँट हवाच असेल तर ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ मोफत आहे, जाड, गोल, कॉमिकला शोभतो.

आणि आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, नकार त्याच्याही नंतर, याचा फायदा घ्या. भगत गावकऱ्यांना म्हणतो, ‘मी या बाईला गावात राहू देणार’, चौकट संपली. पुढच्या चौकटीत त्याच्या खांद्यावर मागून लांबच लांब हात येतो. तिसऱ्या चौकटीत, बारीक अक्षरात, ‘...आहे.’ ही वेळ मराठी तुम्हाला फुकट देते.

पान चारवर ‘बूम’ आणि ‘क्रॅश’ खोडा. काडकन, धप्पकन, भसकन, सुर्रकन, खळ्ळकन. पितळी पातेलं पडलं तर ठण्ण, लिंबू चिरलं तर चर्रर्र. हडळीने मुस्काटात मारली तर ‘फाट्’. आवाजासाठी इतके शब्द घरात असताना उसने कशाला? बोलीतही तेच. तुमचा हवालदार पुण्याच्या पुस्तकासारखं बोलतो. तो नाशिकचा आहे, ‘काय करून राहिले इथं?’ म्हणू दे. कळवण-सटाण्याकडचं पात्र असेल तर अहिराणी बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, अंदाजाने लिहू नका. आणि अहिराणी फक्त बावळट पात्राच्या तोंडी घालू नका.

छपाईचं एकच सांगतो. चोवीस पानं म्हणजे पिनिंगला सोयीची, चारच्या पटीत. कव्हर वेगळं धरा. आधी साध्या कागदाच्या घड्या घालून हाताने डमी बनवा, पानांचे आकडे टाका आणि उलटून बघा. हडळीची पोकळ पाठ उजव्या पानावर येता कामा नये, समोरूनच दिसून जाईल. ती डाव्या पानावर, पान उलटल्यावरच यायला हवी, म्हणजे दहावर किंवा बारावर. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर ठेवा, चार रंगांच्या मिश्रणातलं काळं करू नका, नाहीतर प्लेट केसभर सरकली की शिरोरेषेला लाल-निळी किनार येते. डमी झाली की लिंबाचं पान आणि मुंजाचं पान आधी पाठवा, त्या दोन पानांवर मला अजून बोलायचं आहे.